काळी, पांढरी आणि भिंतीतला तडा

आमच्या घराच्या माजघरातल्या भिंतीला एक तडा होता. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तो तिरका चढत स्लॅबपर्यंत जायचा. मे महिन्यात त्यात माझे बोट सहज शिरायचे. श्रावणात पोस्टकार्डसुद्धा जात नसे. लहानपणी माझ्या धाकट्या बहिणीला वाटायचे की घर श्वास घेते. वडिलांना मात्र त्या तड्याकडे पाहिले की एकच माणूस आठवायचा, आणि त्याच्याविषयी ते कधी बरे बोलले नाहीत.

गाव परभणी जिल्ह्यातले. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. गावठाणातले माळवदाचे घर भावकीच्या वाटणीत चुलत्यांकडे गेले, तेव्हा वडिलांनी १९८२ च्या उन्हाळ्यात गावाबाहेर, रस्त्याला लागून असलेल्या आमच्याच शेताच्या कोपऱ्यात घर बांधले. पक्क्या विटा, सिमेंट, वर स्लॅब. बांधणारा गवंडी गावातलाच, वडिलांच्या बरोबरीचा. आम्ही त्यांना मिस्तरीकाका म्हणत असू. दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंती तडकल्या. वडिलांनी मजुरीचे राहिलेले बाराशे रुपये दिले नाहीत. ‘मिस्तरीने सिमेंट खाल्ले’ हे वाक्य एकदा पारावर बोलले गेले, आणि गुरुजी बोलले म्हणजे ते खरेच असणार असे गावाने धरले. दोन-तीन वर्षांत मिस्तरीकाकांना गावात काम मिळेनासे झाले. ते कुटुंब घेऊन पुण्याला गेले.

मी पुढे तंत्रनिकेतनात स्थापत्यशास्त्राचा अध्यापक झालो. काळ्या मातीतले पाये हा धडा मी तीस वर्षे फळ्यावर शिकवला. तो माझ्याच घराचा धडा होता हे मला उशिरा का होईना कळले होते. पण घरी बोलण्याचे धाडस झाले नाही. एकदा विषय काढला, तर वडील म्हणाले, “पुस्तकातलं सांगू नकोस मला.” पुढचा लेख हा त्या न झालेल्या बोलण्याचा उरलेला भाग आहे. त्यासाठी मला मातीच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखातल्या जुन्या दप्तरांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पाटलाचे मानपान पांढरीवर, सारा काळीवर. मोल्सवर्थच्या कोशात या जोडीची नोंद आहे आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’तही गावाची ओळख याच दोन रंगांनी होते. महसुलाच्या अभ्यासकांनी या शब्दांकडे हक्क आणि कर यांच्या बाजूने पाहिले. मी त्यांच्याकडे पायाच्या बाजूने पाहतो.

पांढरी माती निसर्गाने तयार दिलेली नसते. ती माणसाच्या वस्तीने घडते. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, हाडे, खापरे, चुनखडीचे कण मिसळत जातात, आणि शतकानुशतके वस्तीची जागा उंच होत जाते. ही माती फिकट, भुसभुशीत आणि राखट असते. शेतकरी ती खत म्हणून शेतात नेतात, आणि त्यामुळेच जुन्या वस्त्यांची कितीतरी टेकाडे पोखरली गेली, ही पुरातत्त्वज्ञांची जुनी तक्रार आहे. एका गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते: ही माती भिजली तरी काळीसारखी फुगत नाही आणि वाळली तरी काळीसारखी उलत नाही.

या मुलखातल्या पहिल्या शेतकऱ्यांची घरे कशी होती हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले अख्खे खेडे उजेडात आले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. बुटक्या मातीच्या भिंती, त्यांच्यावर कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर, अशी ती घरे होती. असे घर जमिनीबरोबर थोडे वर-खाली झाले तरी त्याचे काही बिघडत नाही. कूड वाकतो, लिंपण तडकते, ते पुन्हा लिंपता येते.

आपल्या पूर्वजांना मातीचे रसायन ठाऊक होते, असे मला म्हणायचे नाही. वस्तीसाठी उंचवटा निवडण्याची कारणे साधी होती: पुराचे पाणी चढू नये, पावसाळ्यात चिखलात रुतावे लागू नये, आणि पिकाची जमीन घरांखाली वाया जाऊ नये. पण परिणाम असा झाला, की शेकडो वर्षे गावे काळीत पिकवत राहिली आणि पांढरीत राहत राहिली. यात समानता होती असेही नाही. आमच्या गावात पांढरीच्या टेकाडावर गढी आणि भोवती वाडे होते. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांची घरे ओढ्याच्या बाजूला, सखल काळीच्या कडेला होती. त्यांच्या भिंती दरवर्षी फुटत. त्याला गाव ‘त्यांची घरं तशीच’ म्हणे. जमिनीचा दोष माणसाच्या माथी मारण्याची सवय अशी जुनी आहे.

ही माती आली कुठून?

काळ्या मातीला इंग्रजी ग्रंथांत ‘रेगुर’ म्हणत. मूळ शब्द तेलुगूतला ‘रेगडि’. एकोणिसाव्या शतकात तिच्या उगमावर बराच वाद झाला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारे डॉक्टर व्हॉयसी यांना ती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज वाटत होती, तर १८४० च्या दशकात लिहिणाऱ्या कॅप्टन न्यूबोल्ड यांना ती पाण्याखाली बसलेला गाळ वाटत होती. आज आपण दख्खनपुरते तरी व्हॉयसींच्या बाजूने आहोत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यांचा बेसाल्ट झाला, आणि त्या बेसाल्टच्या झिजेतून ही माती आली.

पण तोच बेसाल्ट कोकणातही आहे. मग तिथे काळी का नाही? उत्तर पावसात आहे. कोकणातला मुसळधार पाऊस खडकातले चुना, मॅग्नेशियम असे विरघळणारे घटक धुऊन नेतो, लोह मागे राहते आणि जांभा तयार होतो. घाटाच्या पूर्वेला पाऊस कमी आणि उतार मंद. तिथे हे घटक मातीतच राहतात आणि त्यांच्यापासून मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज बनते. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून १८४७ मध्ये त्याला हे नाव मिळाले. जांभ्याचे चिरे कापून कोकणी माणूस घर बांधतो. त्याच खडकाची दुसरी लेक देशावरच्या माणसाचे घर फोडते.

हे खनिज फुगते का, हे कळायला आणखी बराच काळ लागला. १९३३ मध्ये जर्मनीत हॉफमन, एन्डेल आणि विल्म यांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवले, की त्याचे स्फटिक पानांच्या चळतीसारखे असतात आणि पाणी दोन पानांच्या मध्ये शिरते. कोरड्या स्थितीत एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचे अंतर साधारण एक नॅनोमीटर असते; पाणी शिरले की ते दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वाढते. मूठभर मातीत अशी अगणित पाने असतात. प्रत्येकाने तसूभर सरकायचे ठरवले की जमीन उचलली जाते.

शेतकऱ्याला हे वेगळ्या भाषेत माहीत आहे. उन्हाळ्यात काळी उलते, पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, आणि पावसाबरोबर भेगा मिटतात. म्हणून ‘काळी स्वतःला नांगरते’ असे म्हणतात. शेताला जे वरदान, तेच घराला संकट.

घरावर नेमके काय होते ते सांगतो. काळी माती भिजताना तिला फुगू दिले नाही, तर ती चौरस मीटरला वीस ते पन्नास टनांपर्यंत दाब देऊ शकते. एकमजली विटांच्या घराचा पायाखालचा भार चौरस मीटरला चार-पाच टनांपासून फार तर दहा टन. म्हणजे जमीन घराला खुशाल उचलते. मोठी इमारत आपल्या वजनाने तिला दाबून ठेवते; गरिबाचे आणि मध्यमवर्गाचे घरच उचलले जाते. त्यातही सगळे घर सारखे उचलले असते तर हरकत नव्हती. घराच्या मधल्या भागाखालचा ओलावा उडून जात नाही, तो साठत जातो. कडेच्या भिंतींखालची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकते आणि दर पावसाळ्यात भिजते. मध्य वर, कडा खाली. वीट दाबाला खंबीर पण ताणाला अगदी दुबळी, त्यामुळे खिडकी-दाराच्या कोपऱ्यापासून तिरका तडा जातो. आमच्या माजघरातला तडा नेमका असाच होता. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरत असेल किंवा जवळ मोठे झाड असेल, तर हा खेळ आणखी वाढतो. आमच्याकडे दोन्ही होते.

दोष कुणाचा, हे कळायला लागलेला काळ

मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा वाटतो. भिंती जगभर तडकत होत्या, आणि जगभर त्याचे खापर कारागिरांवर फुटत होते. ‘पाया खचला’, ‘माल हलका वापरला’, ‘काम कच्चे झाले’ ही कारणे अमेरिकेतही दिली जात. १९३८ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या ओवायही प्रकल्पावर एका पोलादी सायफनच्या पायाखाली जमीन वर आली, तेव्हा तिथल्या जलसिंचन खात्याने प्रथमच हा प्रकार फुगणाऱ्या मातीचा म्हणून नोंदवला. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेत जेनिंग्ज यांनी ऑरेंज फ्री स्टेटमधल्या उचलल्या जाणाऱ्या इमारतींविषयी लिहिले. म्हणजे पाया खाली जातो एवढेच ठाऊक असलेल्या अभियंत्यांना तो वरही येतो हे मान्य करायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. तोवर किती गवंड्यांची मजुरी बुडाली असेल, याची नोंद कुठल्याच ग्रंथात नाही.

भारतात हे काम रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हाती घेतले. पन्नाशीच्या दशकापासून दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मातीची वर्षभराची हालचाल खोलीनुसार मोजली. खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरच्या खाली ही हालचाल नगण्य होते, असे दिसले. मग उपाय सुचला तो असा: हाताने चालवायच्या गिरमिटाने अरुंद भोक साडेतीन मीटरच्या खाली न्यायचे, तळाशी ते कांद्यासारखे रुंद करायचे, खोडाच्या सुमारे अडीच पट, आणि त्यात काँक्रीट भरायचे. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तरी खालचा कांदा खुंट्यासारखा धरून ठेवतो. या खांबांवर तुळई टाकायची, आणि तुळई व जमीन यांच्यामध्ये सुमारे ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे फुगलेल्या मातीला तुळईला धक्का न देता वर येता येते. ‘अंडररीम्ड पाइल’ म्हणून हे पाये पुढे भारतीय मानकांत आले.

दुसरा उपाय आपल्या मुंबईतून आला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांना दिसले की चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या मुरमासारख्या मातीचा, साधारण एक मीटर जाडीचा थर ठोकून बसवला, तर त्याच्याखालची काळी माती फुगण्याचे बरेचसे सोडून देते. केवळ वजनामुळे हे होत नाही. तेवढ्याच वजनाची वाळू टाकून तो गुण येत नाही, उलट वाळूतून पाणी खाली उतरते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली, आणि कालव्यांच्या अस्तरासाठी तिचे मानकही झाले. १९७८ मध्ये भारतीय भूतंत्र संस्थेच्या वार्षिक व्याख्यानात कट्टींनी हा सगळा शोध मांडला. आमच्या घराच्या पायाची खोदाई व्हायच्या आधी चार वर्षे. पण व्याख्यानाच्या सभागृहापासून परभणीतल्या खेड्यापर्यंतचा रस्ता चार वर्षांत संपत नाही.

जुनी घरे काय करीत होती?

जुन्या घरांची आठवण काढताना भाबडेपणा टाळला पाहिजे. वाड्याचा भार लाकडी खांबांवर असे, खांब दगडी तळखड्यांवर, आणि भिंत केवळ आडोशाला. एखादा तळखडा थोडा खाली-वर झाला तर लाकडाचे सांधे ते सोसत. मातीच्या भिंतीला तडा गेला की पोचारा-सारवणात तो बुजे, आणि दरवर्षी बुजवायचा असल्यामुळे त्याला कुणी दोष म्हणत नसे. दुरुस्ती हा घराच्या संसाराचाच भाग होता, आणि तिचे बहुतेक कष्ट बायकांचे होते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पण त्याच माळवदाच्या घरांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात काय केले, तेही आपण पाहिले आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचे ओझे यांखाली हजारो माणसे गेली. तेव्हा जुने ते सोने आणि सिमेंट ते वाईट, असा हा हिशेब नाही. प्रत्येक घर एका विशिष्ट जमिनीसाठी शहाणे असते. पांढरीवरचे शहाणपण काळीत नेऊन चालत नाही, आणि शहरातल्या कठीण मुरमावर चालणारा नकाशा शेतात चालत नाही. ऐंशीच्या दशकात गावे पांढरी सोडून रस्त्याकडे सरकली; शाळा, दवाखाने, घरकुले मिळेल त्या काळीत उभी राहिली. आमच्या गावात घरकुलांना सर्वांत सखल जमीन मिळाली. पहिल्या पाच वर्षांत त्यांतल्या बहुतेक भिंती तडकल्या आणि गावाने पुन्हा तेच जुने वाक्य म्हटले.

हिशेबाची वही

वडील २००९ मध्ये गेले. २०१७ मध्ये घराची डागडुजी काढली तेव्हा माळ्यावरच्या पेटीत त्यांची बांधकामाच्या हिशेबाची वही सापडली. विटांच्या गाड्या, सिमेंटची पोती, सुताराची मजुरी, सगळे मोत्यासारख्या अक्षरात. सिमेंटची पोती मी मोजली. बांधकामाच्या मापावरून हिशेब केला. पोती जेवढी लागायला हवी होती तेवढीच आली होती, आणि भिंतीतला माल पाहता तेवढीच वापरलीही गेली होती. मग पायाखोदाईच्या पानावर वडिलांची ही नोंद दिसली: “४ फूट झाले. मुरूम नाही. मिस्तरी म्हणतो अजून खाली जावे, भर मुरमाची घालावी. खर्च फार. इथेच थांबवले. भर शेतातील मातीची.”

शेतातली माती, म्हणजे काळीच. पायाखाली काळी आणि जोत्याच्या भरावातही काळी.

तरीही मी शिक्षक. परीक्षा घेतल्याशिवाय मन मानेना. घराच्या पायाजवळची माती आणि जुन्या गावठाणातली पांढरी, असे दोन नमुने घेऊन तंत्रनिकेतनात गेलो. ही चाचणी विद्यार्थ्यांकडून मी शेकडो वेळा करून घेतली होती. भट्टीत वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती पाणी भरलेल्या मोजपात्रात टाकायची, दहा ग्रॅम रॉकेल भरलेल्या पात्रात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतली मातीची पातळी पाहायची. घराजवळची काळी रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर होती, पाण्यात २४. फुगवटा ११८ टक्के. शंभरच्या वर गेला की माती जास्त फुगणारी समजतात. पांढरी रॉकेलमध्ये १०, पाण्यात १२. त्या चार काचपात्रांसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

त्या दिवाळीत मिस्तरीकाकांचा पत्ता काढून पुण्याला त्यांच्या मुलीकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली, नजर कमी झालेली. मी वही वाचून दाखवली, बाराशे रुपयांचा आणि त्यावरच्या इतक्या वर्षांचा विषय काढला. ते म्हणाले, “पैशाचं राहू दे बाबा. गुरुजींकडं तवा खरंच पैसा नव्हता, मला ठाऊक होतं. मी म्हनलो मुरूम लागू द्या, ते म्हनले नगं. मीबी जास्ती बोललो नाही, हाताला काम पाहिजे होतं.” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “न्हानीचं पानी कुठं सोडलंय आता?”

मी सांगितले: न्हाणीचे पाणी नळीने लांब नेले, भिंतीलगतचे झाड काढले, घराभोवती दीड मीटर रुंदीचा उताराचा पक्का पट्टा केला, जोत्यातली काळी काढून मुरूम ठोकून भरला. ओलावा वर्षभर सारखा राहिला, की तड्याची उघडझाप बरीच कमी होते. त्यांनी मान हलवली. “हेच करायचं होतं,” म्हणाले.

आज काळीत घर बांधणाऱ्याला मी एवढेच सांगतो, की आधी खड्डा घेऊन पाहा, मातीची चाचणी करून घ्या, आणि पैसे कमी असतील तर खोली एक कमी बांधा पण पाया कमी करू नका. आणि तरीही भिंत तडकलीच, तर गवंड्याला बोल लावण्याआधी पायाखाली पाहा. आमच्या गावात ही गोष्ट मी यंदा पारावर बसून सगळ्यांना वाचून दाखवली, वडिलांच्या अक्षरातल्या नोंदीसकट. जिथे ते वाक्य बोलले गेले होते, तिथेच ते मागे घ्यायला हवे होते.